अल्पसंख्यांतील अल्पसंख्य

कॅथलिक म्हटले की आपल्याकडे लोकांना गोवा आठवतो, नाहीतर वसई. नगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची, मराठी मुलगी कॅथलिक असू शकते हे पुष्कळांच्या गावीही नसते. वर्गातील हिंदू मैत्रिणींच्या लेखी मी ‘ख्रिश्चन’, तर ख्रिस्ती मैत्रिणींच्या लेखी ‘कॅथलिकवाली’. अल्पसंख्यांतही अल्पसंख्य असण्याचा हा अनुभव मोठा विलक्षण आहे.

याचे मूळ इतिहासात आहे. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ साली काम सुरू केले. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली येथूनच निघाला. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे मोठे कार्य याच भूमीत झाले. जेज्विट फादर राहुरी तालुक्यातील केंदळ भागात आले ते १८७८ च्या सुमारास. साहजिकच शहरातील ख्रिस्ती समाजावर ठसा उमटला तो प्रोटेस्टंटांचा. खेड्यांतून मात्र ज्या मिशनची शाळा आधी पोचली त्या मिशनचे ते गाव झाले. आपल्या पणजोबांनी पोप आणि ल्यूथर यांचे वाद तराजूत तोलून निवड केली, असे थोडेच आहे? त्यांना हवी होती अक्षरओळख आणि माणूस म्हणून मान. दोन्हींकडे गेलेली माणसे बहुतेक एकाच गावकुसाबाहेरची, पुष्कळदा एकाच भावकीतली!

आणि तरीही प्रश्न चुकत नाहीत. “तुम्ही मरियेची पूजा करता ना?” “तुमच्यात बायबल वाचतात का?” उत्तर साधे आहे. आराधना फक्त देवाची. मरियेला आम्ही आमच्यासाठी प्रार्थना कर म्हणून विनवतो. बायबल आम्हीही वाचतो. उलट आमच्या बायबलात ७३ पुस्तके आहेत, प्रोटेस्टंट बायबलात ६६. पण आमच्यातले बरेचजण हे सांगतच नाहीत. जपमाळ पर्समध्ये सारतात, राखेच्या बुधवारी कपाळावरची राख पुसूनच कॉलेजात येतात. याला कोणी समजूतदारपणा म्हणेल. मला तो निव्वळ भिडस्तपणा वाटतो. न विचारलेल्या आणि न सांगितलेल्या गोष्टींतूनच गैरसमज वाढतात.

पण टाळी एका हाताने वाजत नाही. ‘आमचेच चर्च मूळचे’ हा ताठा आमच्याकडेही आहे, आणि त्याची खरी झळ लग्नाच्या वेळी लागते. स्थळ पसंत पडते, देणेघेणे ठरते, आणि मग गाडी अडते ती ‘लग्न कोणत्या चर्चमध्ये?’ या प्रश्नावर. प्रोटेस्टंटाशी लग्न करायचे तर कॅथलिक व्यक्तीला चर्चची परवानगी घ्यावी लागते. मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढविण्यासाठी शक्य ते सारे करीन, असे वचन द्यावे लागते. पलीकडच्या घरचीही अपेक्षा तितकीच ठाम असते. शेवटी तोडगा निघतो तो एकच : मुलीने चर्च बदलावे! तिची श्रद्धा काय, ती कोणत्या प्रार्थनेत वाढली, हे तिला कोण विचारतो? माहेरच्या आडनावाबरोबर तिने जपमाळही माहेरीच ठेवून यावी, असे दोन्ही पंथांनी जणू संगनमताने ठरविले आहे. याबाबतीत मात्र दोघांत कसलाही मतभेद नाही!

चर्च बदलत नाही असे नाही. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली. तिने इतर ख्रिस्ती पंथीयांना बंधू मानले, त्यांच्याशी संवादाचे दार उघडले आणि लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली. आमची लॅटिन मिस्सा मराठीत आली आणि प्रोटेस्टंट टिळकांची पदे आमच्या ओठांवर बसली. १९९९ साली तर कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चांनी, माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो या मूळ वादाच्या प्रश्नावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. युरोपात जिथे भांडण पेटले तिथे समेटाच्या गोष्टी चालल्या आहेत. आपण मात्र उसने आणलेले भांडण जिवापाड जपतो आहोत.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. त्या नाकारताना सरकार ‘तू कॅथलिक की प्रोटेस्टंट?’ असे विचारत नाही. गावही विचारत नाही. मग आपणच आपसांत ही भिंत का घालावी?

एकी म्हणजे सर्वांनी एका साच्यातले व्हावे असे मी म्हणत नाही. माझी जपमाळ माझ्या हाती राहो, मैत्रिणीचे उपासना-संगीत तिच्या हाती राहो. पण निदान एकमेकांच्या चर्चमध्ये एकदा जाऊन मागच्या बाकावर बसावे, काय चालले आहे ते पाहावे, मनातले प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. आणि सोयरीक ठरविताना वडीलधाऱ्यांनी चर्च कोणते हे ठरविण्याआधी मुलीला तिचे मन विचारावे. एवढे आपल्या पिढीला जमण्यासारखे नाही काय?