शिष्यवृत्ती हक्काची, मग कर्ज किती?

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात आणि जव्हार-मोखाड्यात नेमकी त्याच वेळी आवणी चालू असते. घरातले धान्य तळाला गेलेले असते. वीटभट्टीवरून आणलेला पैसा घर शाकारण्यात आणि बियाण्यात संपलेला असतो. अशा वेळी मुलाच्या हातात कॉलेजचा कागद येतो आणि घरात विचार सुरू होतो तो कोणता कोर्स चांगला याचा नव्हे, पैसे कोण देईल याचा. बँकेचा साहेब सही देत नाही, प्रकल्प कार्यालयातला साहेब मीटिंगला गेलेला असतो. मुकादम मात्र दारात हजर असतो. दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या भट्टीवर जोडी पाठवा, उचल आजच घ्या, असे तो म्हणतो. मुलाची फी भरली जाते आणि आईबापाचे आठ महिने विकले जातात.

मार्गदर्शन शिबिरांतून आमच्या मुलांना डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा असे सांगणारे वक्ते पुष्कळ आहेत. त्यासाठी किती कर्ज घ्यावे आणि कुठे थांबावे, हे सांगणारा क्वचितच भेटतो. म्हणून आज आम्ही आकड्यांवर बोलणार आहोत.

या पट्ट्यात कर्ज हा साधा शब्द नाही. लग्नासाठी सावकाराकडून थोडी रक्कम घ्यायची आणि त्यापोटी नवरा-बायकोने त्याच्या वाड्यावर राबायचे, या लग्नगडी पद्धतीविरुद्ध १९४५ साली वारली उठले. गोदावरी आणि शामराव परुळेकरांचा रस्ता आमच्यापेक्षा वेगळा होता, पण गुलामाला गुलामीची जाणीव त्यांनी करून दिली हे नाकारण्याचा कोतेपणा आम्ही करणार नाही. १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. तरीही २०२१ मध्ये मोखाडा तालुक्यात, मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या ५०० रुपयांपायी मालकाकडे राबावे लागलेल्या एका कातकरी बापाने आत्महत्या केल्याची तक्रार पोलिसांत दाखल झाली आणि त्याच कायद्याखाली गुन्हा नोंदवावा लागला. इथे कर्जाची परतफेड पैशाने होत नाही, अंगाने होते. शहरातला मध्यमवर्ग फ्लॅट तारण ठेवून वीस लाख उचलतो तेव्हा त्याच्या आणि आपल्या कर्जात काय फरक आहे, हे त्यामुळे नीट समजून घेतले पाहिजे.

मग कर्ज काढूच नये काय? आम्ही असे म्हणणार नाही. बाबासाहेबांनीही कर्ज काढले होते. पण ते कसे काढले, हे पाहा. १९१३ साली ते अमेरिकेला गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, आणि त्या बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ साली बडोद्यात जातीने त्यांना राहायला घरही मिळू दिले नाही, नोकरी सोडावी लागली आणि पुढे त्याच संस्थानाने शिष्यवृत्तीच्या पैशांचा तगादा लावला. अटीची मदत कर्ज कशी होते, याचा धडा त्यांना तिथे मिळाला. लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी मग त्यांनी सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपये पगाराची प्राध्यापकी केली, पोटाला चिमटा घेऊन शिल्लक टाकली, शाहू महाराजांची मदत घेतली आणि उरलेल्या गरजेपुरते ५ हजार रुपये नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतले. १९२० सालची ही गोष्ट आहे. ४५० रुपये पगाराच्या माणसाने ५ हजार घेतले, म्हणजे सुमारे अकरा महिन्यांच्या पगाराइतके.

आम्हाला हे माप आजही योग्य वाटते. शिक्षण संपल्यावर पहिल्या नोकरीत जो पगार खरोखर मिळणार आहे, त्याच्या एका वर्षाच्या रकमेहून जास्त कर्ज आमच्या मुलांनी शक्यतो घेऊ नये. कॉलेजच्या रंगीत माहितीपुस्तकातला पगार धरू नका. त्याच कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुलामुलींना विचारा, हातात किती पडतात.

हिशेब करून पाहू. चार वर्षांच्या नर्सिंगसाठी दर वर्षी एक लाख याप्रमाणे ४ लाख रुपये १० टक्के व्याजाने घेतले आणि परतफेड शिक्षणानंतर एका वर्षाने सुरू झाली, तर तोपर्यंत सरळ व्याजानेच ते ५ लाख ४० हजार होतात. दहा वर्षांचा हप्ता महिन्याला ७ हजार १०० च्या वर जातो आणि एकूण भरणा साडेआठ लाखांच्या घरात. खासगी रुग्णालयात १५ हजारांवर लागलेली मुलगी त्यातले निम्मे बँकेला देऊन शहरात खोली कशी घेईल आणि मोखाड्याला काय पाठवेल? हेच कर्ज वर्षाला २५ हजार, म्हणजे एकूण एक लाख असेल, तर हप्ता १ हजार ८०० च्या आत राहतो. पहिला हप्ता तिला मोडून टाकतो, दुसरा ती पेलू शकते.

हे २५ हजारांवर कसे आणायचे? इथेच खरा मुद्दा आहे. फी हा आमच्या कर्जाचा विषयच नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना बाबासाहेबांनी झगडून अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निधी मिळवला, १९४४ साली शिष्यवृत्ती सुरू झाली आणि पुढे ती आदिवासींनाही लागू झाली. आज तीच भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. अडीच लाखांच्या आतल्या उत्पन्नाला फी आणि निर्वाह भत्ता, त्यावरच्या उत्पन्नाला फ्रीशिप. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयम्. २०१६ मध्ये या योजना आल्या तेव्हा मुंबई-पुण्यासाठी वर्षाला ६० हजारांपर्यंतची तरतूद होती. ही सगळी रक्कम आधी वजा करा. उरेल ते कर्ज.

पण एक सापळा ओळखा. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला ही शिष्यवृत्ती मिळत नाही. 'फॉर्म भरा, सगळे माफ होईल' म्हणत तालुक्यात फिरणाऱ्या दलालाला पहिला प्रश्न हाच विचारा की प्रवेश शासनाच्या फेरीतून आहे की कोट्यातून. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्जही अकरावीतच टाका. ते अडले की शिष्यवृत्तीही अडते.

सरकारला मात्र आम्ही सोडणार नाही. शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशावेळी फी मागू नये, अशी परिपत्रके शासन काढते आणि शिक्षणसम्राट ती केराच्या टोपलीत टाकतात. २०१७-१८ मध्ये महाडीबीटी पोर्टल आले आणि पहिल्याच वर्षी अडखळले, मुलांचे पैसे रखडले. शिष्यवृत्ती वर्षभर उशिरा येते तेव्हा त्या वर्षाचे व्याज कोण भरतो? मोखाड्याची आई भरते. सरकारने गरिबाकडून घेतलेले हे बिनव्याजी कर्ज नव्हे काय?

बँकेत जाल तेव्हा हे लक्षात ठेवा. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागता येत नाही. सातबारा मागितला तर लेखी मागा म्हणावे. आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर आदिवासीकडे जात नाही, वनहक्काचा पट्टा तर वारसाने मिळतो पण हस्तांतरित करता येत नाही. यामुळे पत नाही, अशी ओरड आमचेच काही शिकलेले लोक करतात. आम्ही म्हणतो, ती जमीन गहाण पडत नाही म्हणूनच अजून शाबूत आहे. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या काळातले व्याज केंद्र सरकार भरते, त्या योजनेत आपले कॉलेज बसते का हे सहीआधी पाहा. २०२४ च्या पीएम विद्यालक्ष्मीचा गाजावाजा मोठा, पण ती निवडक संस्थांपुरती आहे आणि तिची व्याज सवलत इतर सरकारी शिष्यवृत्तीला पात्र असलेल्यांना नाही. दोन्ही मिळतील असे धरून हिशेब करू नका.

उलट आयआयटी, एनआयटी किंवा सरकारी मेडिकलची जागा मिळाली असेल, तर घाबरून ती सोडू नका. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींना २०१६ पासून शिकवणी शुल्क पूर्ण माफ आहे. तिथे अडते ते छोट्या रकमेवर. २०२४ मध्ये १७ हजार ५०० रुपये वेळेत भरता आले नाहीत म्हणून एका दलित मुलाची धनबाद आयआयटीतली जागा गेली. ती ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १४२ व्या कलमाखाली परत दिली. प्रत्येक मुलगा दिल्ली गाठू शकत नाही.

ही छोटी रक्कम चळवळीच्या आवाक्यातली आहे. १४ एप्रिलला एका रात्रीच्या डीजेवर मंडळे जेवढे उधळतात, तेवढ्यात दोन-तीन मुलांचे प्रवेश अडल्यावाचून होतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या मंडळांनी आणि विहारांनी, आदिवासी संघटनांना बरोबर घेऊन, प्रवेशाच्या आठवड्यापुरता एक निधी बँकेत ठेवावा. बिनव्याजी द्यावा, शिष्यवृत्ती जमा झाली की परत घ्यावा, हिशेब विहाराच्या भिंतीवर लावावा. पुढच्या जूनमध्ये मुकादम पाड्यावर पोहोचण्याच्या आधी आमचे दोन कार्यकर्ते अर्ज आणि पावतीपुस्तक घेऊन तिथे पोहोचले पाहिजेत.