काठी, साखळी आणि कुत्र्याची कुणकुण

शिरूर अनंतपाळच्या परिसरात आखाड्यावर किंवा गेटाआड राखणीला बांधलेला जर्मन शेफर्ड, म्हणजे लोकांच्या तोंडचा अल्सेशियन, मुळात मेंढ्या वळणारा कुत्रा आहे. माक्स फॉन स्टेफानिट्स या जर्मन लष्करी अधिकाऱ्याने १८९९ मध्ये या जातीची नोंद सुरू केली, ती कळपाच्या कडेने दिवसभर फेऱ्या मारणाऱ्या कुत्र्यांमधून. असा कुत्रा वयाच्या सहाव्या महिन्यापासून दोन वर्षांपर्यंत सारखा कुईंकुईं करू लागला, की त्याला गप्प करण्याचे उपाय चहूकडून सुचवले जातात. त्यांतले बहुतेक कुणकुण वाढवणारे आहेत.

कुत्रे रडले की यम आला, हा अपशकुनाचा आक्षेप लवकर निकाली निघतो. रात्री गळा काढणे वेगळे आणि ही कुणकुण वेगळी. यमाचा संबंध दोन्हींशी नाही. काठीचा उपाय मात्र खरा वाटतो, कारण फटका बसला की आवाज थांबतो. थांबतो तो आवाज. त्यामागची भीती किंवा अस्वस्थता तशीच राहते. असा दबलेला कुत्रा पुढे न गुरगुरता थेट चावण्याचा धोका असतो.

'बांधून ठेवले की कुत्रे तिखट होते' हा समज जुना आहे. गेटाजवळ आखूड साखळीला बांधलेल्या या जातीच्या कुत्र्यापुढून शेळ्या, गुरे, मोटारसायकली जात राहतात. हलणाऱ्या वस्तूमागे धावण्याची त्याची ओढ पिढ्यान्‌पिढ्या निवडून पक्की केलेली; ती प्रत्येक वेळी साखळीला हिसका देऊन संपते आणि तोंडातून कुईं बाहेर पडते. हे तिखटपण नव्हे, वैताग आहे. शिवाय प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार नेहमी साखळीला असणाऱ्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा मालकाचा गुन्हा ठरतो.

याच्या उलट टोकाचा सल्ला म्हणजे 'पळवून पळवून दमवा'. मोटारसायकलीमागे पळवल्याने कुत्र्याचा दम वाढतो. महिन्याभराने तेवढ्या धावण्याने तो दमतही नाही. मोठ्या जातींची हाडे वर्ष-दीड वर्षापर्यंत वाढत असल्याने डांबरी रस्त्यावरची ही रोजची रपेट सांध्यांना घातक. लातूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पंजे पोळतात ते वेगळेच.

यावर धनगराचा दाखला दिला जातो: त्याचे कुत्रे कुठे कुणकुणते? दाखला चांगला आहे, निष्कर्ष चुकीचा. मेंढरांच्या वाड्यावरचे कुत्रे कळप हाकत नाही, लांडग्यापासून राखते. त्याला माणसांची, मेंढरांची, जाणत्या कुत्र्यांची सोबत असते. दुपारी कळप बसला की तेही सावलीला आडवे होते. गेटावरच्या अल्सेशियनला काम, सोबत आणि स्वस्थ बसण्याची सवय, तिन्ही नसतात.

'लक्षच देऊ नका' हे पुस्तकी उत्तर अर्धेच खरे. आधी दुखणे तपासावे: पंजात बाभळीचा काटा, कानात कुसळ, अंगावर गोचीड, पोटात जंत. अचानक सुरू झालेली कुणकुण पशुवैद्याला दाखवावी. उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. आवाज बदलून लाळ गळत असेल, तर तोंडाला हात न लावता ताबडतोब कळवावे, कारण रेबीजमध्येही असे होते.

दुखणे नसेल तर जेवणापासून सुरुवात करावी. भाकरीची थाळी खाली नेताना कुईं झाली की थाळी वर. दोन क्षण शांतता राहिली की पुन्हा खाली. पहिल्या काही दिवसांत आवाज वाढतो. घरातले नेमके तेव्हाच हार मानतात आणि आजी कळवळून तुकडा टाकते. कधीमधी मिळणारा असा तुकडा रोजच्या तुकड्यापेक्षा सवय घट्ट करतो, म्हणून नियम साऱ्या घराचा एकच हवा.

पहाटे लांब दोरीवर हुंगत फिरू द्यावे. भाकरीचे तुकडे कडब्यात विखरून शोधायला लावले, तर नाक आणि डोके दोन्ही कामाला लागतात. मग गोणपाटावर आडवे पडून राहिल्याबद्दल हळूच तुकडा द्यावा, आधी काही क्षणांनी, नंतर मिनिटांनी. बांधायची जागा रस्त्याकडून हलवून गोठ्याच्या सावलीत न्यावी. दुपारी त्याला कुणी उठवू नये. तरुण कुत्र्याला दिवसरात्रीतला निम्म्याहून अधिक वेळ झोप लागते.

माणूस नजरेआड होताच धापा टाकणे, दार ओरबाडणे, लाळ गाळणे असा प्रकार असेल, तर तो एकटेपणाचा धसका समजावा. तिथे थाळीचा धडा पुरत नाही. आधी अर्धे मिनिट, मग एक, मग पाच असे दूर जाणे वाढवावे लागते, आणि काही वेळा पशुवैद्याने दिलेल्या औषधाचीही जोड लागते.