निंबाची सावली आणि दारचे कुत्रे

कुत्रे पाळणे आणि बागा राखणे हे साहेबी चोचले असून, ज्या वऱ्हाडात कापसाच्या भावावर घरची चूल अवलंबून असते तेथे अशा गोष्टींचा आरोग्याशी संबंध जोडणे ही निव्वळ विलासवृत्ती होय, असा आक्षेप अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित बैठकींतून मोठ्या आत्मविश्वासाने घेतला जातो. आक्षेपकांचा हेतू शुद्ध असेल. स्मृती मात्र अल्प आहे. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी जागलीला बसलेल्या शेतकऱ्याच्या पायाशी जे कुत्रे असते, आणि दुपारची शिदोरी सोडताना तो धुऱ्यावरच्या ज्या निंबाचा आश्रय घेतो, ती दोन्ही कोणत्या साहेबाने विलायतेहून आणली? भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा ज्या मुलखात घरोघर सांगितली जाते, त्याला या बाबतीत परक्याची दीक्षा नको.

दुसरा पक्ष म्हणतो, आरोग्य दवाखान्यात मिळते, झाडाखाली नव्हे. गंमत अशी, की झाडाच्या उपयोगाची रुजुवात दवाखान्यातच झाली आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची कागदपत्रे रॉजर उलरिक यांनी तपासली, तेव्हा खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली, असे 1984 साली प्रसिद्ध झाले. त्याआधी 1980 मध्ये एरिका फ्रीडमन यांनी हृदयविकाराच्या 92 रुग्णांचा वर्षभराचा हिशेब मांडला होता: घरी पाळीव प्राणी असलेल्या 53 जणांपैकी 3 दगावले, नसलेल्या 39 पैकी 11. या संख्या लहान आहेत, आणि मुळात जो धडधाकट तोच प्राणी पाळण्याच्या भानगडीत पडतो, अशी शंका घेण्यास जागा आहे. ती मी नाकारीत नाही.

माझे म्हणणे याहून निराळे आहे. औषधी गुण झाडाच्या पानात किंवा कुत्र्याच्या शेपटीत नसून, ती दोघे माणसावर जे कर्तव्य लादतात त्यात आहे. रोपट्याला पाणी घालावे लागते, कुत्र्याला पहाटे बाहेर न्यावे लागते, आणि या सक्तीपुढे आळस, एकाकीपणा व आत्मदया यांचा अंमल आपोआप ढिला पडतो. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 साली अमरावतीजवळ तपोवन उभारले, तेव्हा समाजाने टाकलेल्या कुष्ठरोग्यांना केवळ खाटा आणि मलमपट्टी न देता मोकळी भूमी आणि हाताला काम दिले, त्यामागचे शहाणपण या जातीचेच नव्हते काय?

तिसरा आक्षेप गंभीर आहे. माणसाला होणारी रेबीजची बहुतेक सर्व प्रकरणे कुत्र्याच्या दंशातून उद्भवतात, आणि ज्याच्या घरातील मूल त्या भयाखाली शाळेत जाते त्याला श्वानप्रेमाचे प्रवचन ऐकविणे क्रूरपणाचे आहे. पण यावरून निघतो तो निष्कर्ष लसीचा आणि निर्बीजीकरणाचा, काठीचा नव्हे. भटक्या कुत्र्यांविषयीच्या 2023 च्या केंद्रीय नियमांतही हीच तजवीज आहे. चौकात बिस्किटे टाकून पुण्य जोडणारे आणि लसीकरणाचे नाव निघताच खांदे उडविणारे दयाळू लोक, हे माझ्या मते कुत्र्यांचे सर्वांत मोठे वैरी. अमरावतीजवळच्या पोहऱ्याच्या जंगलाकडे कुत्रे घेऊन फिरायला जाणाऱ्यांनीही साखळी हातातून सोडू नये. तेथे हरणांना कुत्र्याचे भय आहे आणि कुत्र्याला बिबट्याचे.

राहता राहिली सावली. मे महिन्यात ज्या अकोल्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, तेथे रस्ता रुंद करण्यासाठी जुना निंब पाडणे आणि मग नागरिकांना चालण्याच्या व्यायामाचे महत्त्व पटविणे, ही विसंगती ज्यांच्या दफ्तरात खपते त्यांनी भर दुपारी त्या डांबरावर अनवाणी उभे राहून फर्मान लिहावे. कुत्रे रोज तसेच उभे असते.

माझ्या परिचयातील एक निवृत्त नायब तहसीलदार आहेत. मधुमेहासाठी रोज चालण्याचा डॉक्टरांचा हुकूम त्यांनी चार वर्षे दफ्तरी दाखल करून ठेवला होता. मुलगा नोकरीसाठी पुण्यास जाताना एक गावठी पिल्लू मागे ठेवून गेला. आता पहाटे साडेपाचला अमरावतीच्या छत्री तलावाच्या रस्त्याने ते दोघे दिसतात, आणि कोणी विचारलेच तर साहेब अजूनही सांगतात की, मी काही फिरायला येत नाही, याला आणावे लागते.