राजगडाच्या संजीवनी माचीतील चिलखती वाटांच्या जतनाबाबत निवेदन

प्रति,
मा. संचालक,
पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय,
महाराष्ट्र शासन, मुंबई

महोदय,

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झालेल्या 12 किल्ल्यांत राजगड आहे आणि तो आपल्या संचालनालयाच्या संरक्षणाखाली आहे. संजीवनी माचीच्या दुहेरी तटांमधली वाट, तिच्यात उतरणारे बुरुजांतले जिने आणि चोरदिंड्या यांना जतन आराखड्यात स्वतंत्र स्थान द्यावे, ही आमची मागणी आहे. माची म्हणजे डोंगराची लांब, चिंचोळी सोंड. तिच्या दोन्ही अंगांनी शत्रू भिडू शकतो. म्हणून तटाला बाहेरून दुसऱ्या भिंतीचे चिलखत घातले. ते फोडून शत्रू आत शिरला, तरी तो दोन भिंतींमधल्या खोल वाटेत अडकतो. तिथे त्याचे संख्याबळ निरुपयोगी ठरते आणि आतल्या उंच तटावरून त्याच्यावर थेट मारा होतो. गडकऱ्यांना मात्र एकेकट्याने वाकून उतरावे लागणाऱ्या त्याच जिन्यांनी आडोशात राहून बाहेरचा तट गाठता येतो. स्वराज्याच्या पहिल्या राजधानीची ही युद्धकल्पना आजही ती वाट पायाखाली घालून समजून घेता येते.

निधी मर्यादित असताना आधी तट आणि दरवाजे सावरावेत, असे म्हटले जाईल. पण वाटेत दगडमाती साचली की पावसाचे पाणी तुंबते, तटाच्या पायात मुरते आणि भिंतीला फुगवटा येतो. त्यामुळे वाट मोकळी ठेवणे हे तट वाचवण्याचेच काम आहे. मात्र ही दगडमाती सरसकट उपसू नये. तिच्यात ढासळलेले घडीव चिरे आणि खापरे असू शकतात. श्रमदान करणाऱ्या दुर्गप्रेमींबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे, तरीही आधी मोजणी व नकाशे आणि मग पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखालीच उपसा, हा क्रम सुटू नये. दरजा चुन्यानेच भराव्यात. सिमेंटमुळे पाणी भिंतीतच कोंडते.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो रास्त आहे. निसरड्या जिन्यांवर गर्दी धोक्याचीच. त्यावर कायमचे लोखंडी दार हा उपाय नव्हे. पावसाळ्यात प्रवेश बंद ठेवावा, एरवी मोजक्या माणसांच्या तुकड्या माहीतगारासोबत सोडाव्यात.

येत्या पावसाळ्यापूर्वी मोजणी सुरू करावी आणि तिचे नकाशे मराठीत प्रसिद्ध करावेत, ही नम्र विनंती.

आपले,
राजगडप्रेमी नागरिक