शून्य टक्के चढाचा शिखरवीर

शनिवार सकाळ, बाहेर धो धो पाऊस, आणि मी सोसायटीच्या जिममध्ये ट्रेडमिलवर. समोर टॅबलेट, टॅबलेटवर झ्विफ्ट, आणि झ्विफ्टमध्ये माझा छोटासा अवतार आल्प द्यू झ्विफ्ट चढतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फ्रान्समधल्या आल्प द्युएझ या प्रसिद्ध सायकल-घाटाची ही आभासी नक्कल. २१ वळणं, सुमारे १२ किलोमीटर, सरासरी साडेआठ टक्के चढ, म्हणजे एकूण हजार मीटरच्या वर उंची. मी ताशी ८ किलोमीटरने दीड तासात वर पोचलो. स्क्रीनशॉट काढला, ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, बाराएक अंगठे मिळवले आणि घरी येऊन पोह्यांवर ताव मारला.

बाबांनाही फोटो दाखवला. बाबा एकसष्ट वर्षांचे, रोज सकाळी पर्वती चढतात. त्यांनी चष्मा वर केला आणि एकच प्रश्न विचारला, "यंत्र तिरपं केलं होतंस का रे?"

नव्हतं केलं. ट्रेडमिलचा चढ पूर्णवेळ शून्यावर होता.

आता यात अ‍ॅपची काही चूक नाही हं. सायकलवाल्यांचं गणित वेगळं असतं. त्यांचा अवतार किती वेगाने जाणार हे ते किती वॅट लावतात, त्यांचं वजन किती आणि रस्ता किती चढा आहे, यावर ठरतं. चढ आला की तितकीच ताकद लावून वेग पडतो. धावणाऱ्यांचं तसं नाही. बुटावरचा सेन्सर किंवा ट्रेडमिल जो वेग सांगेल, तोच वेग अवतार घेतो. पडद्यावर दहा टक्के चढ दिसो की सपाट रस्ता, आठ म्हणजे आठ. काही नव्या ट्रेडमिल्स अ‍ॅपचं ऐकून आपोआप तिरप्या होतात, पण आमच्या जिममधल्यासारख्या साध्या यंत्रांवर चढाचं बटण आपल्यालाच दाबावं लागतं. आणि नाही दाबलं तर कुणाला कळतही नाही.

"अरे गेम आहे तो, इतका काय विचार करतोस?" असं माझा टीममेट म्हणाला. पटलं असतं, पण पुढच्याच रविवारी मी बाबांबरोबर सिंहगडला गेलो. आतकरवाडीच्या वाटेने निम्म्यात पोचेपर्यंत माझ्या पोटऱ्यांनी राजीनामा दिला. एका दगडावर बसलो. बाबा काही बोलले नाहीत. माझी सॅक काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि, "सावकाश ये, मी वर ताक घेऊन ठेवतो," म्हणून पुढे गेले. एकसष्ट वर्षांचा माणूस माझी सॅक घेऊन चढतोय आणि आल्प्स सर केलेला मी मागे फरफटतोय! त्या दिवशी फार लाज वाटली.

घरी येऊन इंजिनिअरचं डोकं चालवलं. धावताना शरीराला किती ऑक्सिजन लागतो याचा अंदाज बांधायला अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं एक सोपं सूत्र आहे. त्यात ताशी ८ किलोमीटर घातले तर सपाटीवर दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण ३० मिलिलिटर येतात, पाच टक्के चढावर ३६ आणि साडेआठ टक्क्यांवर ४०. म्हणजे तो घाट मी खरोखर त्या वेगाने चढलो असतो, तर मेहनत सपाटीवर ताशी ११ किलोमीटरने दीड तास धावण्याएवढी झाली असती. माझ्याच्याने तो वेग वीस मिनिटंसुद्धा झेपत नाही. थोडक्यात, तो स्क्रीनशॉट म्हणजे टेस्ट केस न चालवताच हिरवा झालेला बिल्ड होता.

मग दुसरं टोक गाठलं. अ‍ॅप म्हणेल तो चढ, जसाच्या तसा, वेग न कमी करता. तिसऱ्या दिवशी टाच धरली आणि दोन आठवडे घरी बसलो. हा शहाणपणा तुम्ही करू नका.

आता माझं मत सांगतो. पडद्यावरच्या आकड्याची हुबेहूब नक्कल करायची काहीच गरज नाही, पण त्याकडे साफ दुर्लक्ष करून शिखराचा फोटोही टाकू नये. मी सध्या अ‍ॅप दाखवेल त्याच्या निम्मा चढ लावतो, तोही जास्तीत जास्त पाच टक्के, आणि चढ वाढला की वेग उतरवतो. समोरचा दांडा धरत नाही, कारण हातांवर भार गेला की चढाचा अर्थच जातो. आणि यंत्रावरच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवत नाही. ट्रेडमिलच्या कडेला बरोबर एक मीटर अंतरावरच्या दोन जागांची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. जेवढ्या सेंटिमीटरचा फरक, साधारण तेवढे टक्के चढ. आमच्या जिमच्या यंत्राचा "५" प्रत्यक्षात तीन टक्के निघाला!

"ट्रेडमिलवर कायम एक टक्का ठेवा" हा सल्लाही सगळीकडे ऐकू येतो. त्याचं मूळ जोन्स आणि डाउस्ट यांच्या १९९६ च्या अभ्यासात आहे. बाहेर धावताना हवेचा जो विरोध होतो, त्याची भरपाई एक टक्का चढ करतो. पण त्यांनी तपासलेले वेग ताशी साडेदहा किलोमीटरपासून पुढचे होते. माझ्यासारख्या आठवाल्यांना हवा फारशी अडवतच नाही. ठेवलात तर बिघडत नाही, नाही ठेवलात तर अपराधी वाटून घेऊ नका.

उतार मात्र बहुतेक ट्रेडमिल्सवर नसतोच. सिंहगड उतरताना मांड्या का थरथरतात, ते तिथे शिकायला मिळत नाही. त्याला गडच लागतो.

असो. उद्या पुन्हा आतकरवाडी. या वेळी सॅक शेवटपर्यंत माझ्याच पाठीवर ठेवायची, एवढंच टार्गेट आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही :)