मिरगीचे यंत्र आणि दोन एकर शेत

दिग्रसकडील एका घरून आम्हाला विचारणा झाली. मुलगी एकोणीस वर्षांची, गोळ्या चालू असूनही आठवड्यातून दोनदा फीट येते. छातीत बसवायचे यंत्र निघाले आहे म्हणतात. त्यासाठी दोन एकर शेत विकावे काय? असा प्रश्न आणखीही घरांत असेल, म्हणून येथेच लिहितो. आम्ही कारकुनी करणारी माणसे, डॉक्टर नव्हे. खात्रीचे तेवढेच सांगतो.

यंत्र खरे आहे. ते डाव्या छातीत कातडीखाली बसवून त्याची तार मानेतील व्हेगस नावाच्या नसेला गुंडाळतात. साधारण दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिट विजेचे हलके ठोके त्या नसेतून मेंदूकडे जातात. १९८८ साली अमेरिकेत ते प्रथम माणसाला बसविले, १९९७ साली तेथे सरकारी मान्यता मिळाली.

पण पुढे काय होते? १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ४४० रुग्णांच्या अभ्यासात वर्षभराने शंभरातील ३७ जणांच्या फीट निम्म्याने किंवा त्याहून कमी झाल्या; दोन वर्षांनी ४३ जणांच्या, तिसऱ्या वर्षीही तेवढ्याच. म्हणजे गुण सावकाश येतो आणि आला तर टिकतो. मात्र निम्म्याहून अधिक लोकांना एवढा गुण आला नाही. फीट साफ थांबणारे तर थोडेच. गोळ्या सुटत नाहीत. आवाज घोगरा होतो, खोकला येतो. काही वर्षांनी बॅटरी संपते, पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा पैसा; आणि शेत दुसऱ्यांदा विकायला उरलेले नसते. आमच्या मते आज इसार घेऊ नये.

आधी गोळ्यांचे पाहा. दोन योग्य औषधे पुरेशा मात्रेत, न चुकता घेऊनही फीट थांबली नाही, तरच ती औषधाला न जुमानणारी मिरगी. असे रुग्ण तीनात एक. कापूस वेचणीच्या दिवसांत गोळी राहते, संपली की पंधरा दिवस आणली जात नाही, तेथे दोष मिरगीचा नाही. (कांदा नि चप्पल हुंगवणारे अजून आहेतच!) फीटच्या तारखा वहीत लिहा, मोबाईलवर चित्रण करा, जुने कागद घेऊन यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. तेथून गरजेप्रमाणे नागपूरच्या मेडिकलची चिठ्ठी मागा. फीट मेंदूच्या एकाच जागेतून उठते काय, हे विचारा. तसे असेल तर त्या जागेच्या शस्त्रक्रियेने ती पूर्ण थांबण्याची आशा यंत्रापेक्षा कितीतरी जास्त. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत अशा शस्त्रक्रिया १९९५ पासून होतात. यंत्राचा विचार त्यानंतर.

मुलीच्या आईने लग्नाचेही विचारले. आपणा बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यातील मिरगीची आडकाठी १९९९ साली काढली गेली. आजार लपवू नका. आणि मुलीच्या गोळ्यांत व्हॅल्प्रोएट असेल तर लग्नाआधीच डॉक्टरांना सांगा. ते पोटातील बाळाला बाधते. स्वतःहून मात्र एकही गोळी बंद करू नका.