गाडीच तर होती!

दुचाकीच्या अपघातात हाड मोडलेला तरुण वॉर्डात येतो, शस्त्रक्रिया होते, भूल उतरते आणि पुष्कळदा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘गाडी कुठंय?’ आई कपाळाला हात लावते. मामा खेकसतात, ‘अरे, पाय मोडलाय तुझा, गाडीचं काय घेऊन बसलास!’ शेजारच्या खाटेवरचे हसतात. विषय तिथेच संपतो. उत्तर मात्र त्याला मिळालेले नसते.

एक उदाहरण घेऊ. ते एका माणसाचे नाही, अशा अनेकांच्या हकिकतींतून जुळवलेले आहे. वय सव्वीस, एमआयडीसीतल्या कारखान्यात फिटर. वडिलांची जुनी आरएक्स १०० त्यांच्या पश्चात गोठ्यात धूळ खात पडलेली. भारतात १९९६ मध्येच बंद झालेली ही गाडी, त्यामुळे सुटे भाग शोधण्यापासून तयारी. चार वर्षे पगारातून थोडेथोडे बाजूला काढून त्याने ती उभी केली. इंजिन उघडले, बोअर वाढवून घेतला, टाकी रंगवली, सीट एकट्यापुरती कापून घेतली, हँडल खाली आणले. वडिलांच्या पायाने झिजलेले किकचे रबर तेवढे बदलले नाही. एका संध्याकाळी उसाच्या ट्रॉलीला ओलांडून पुढे जाताना समोरून जीप आली. त्याने ब्रेक दाबला, मागचे चाक घसरले. नडगीचे हाड मोडले. हेल्मेट होते म्हणून डोके वाचले.

तो रुग्णालयात असताना घरच्यांनी गाडी भंगारात देऊन टाकली. हेतू चांगला होता. ‘डोळ्यांसमोर नको ती अवदसा.’ त्याला हे नवव्या दिवशी कळले. तो काहीच बोलला नाही. घरी गेल्यावर फिजिओथेरपी टाळू लागला. रात्री दोन वाजता जागा व्हायचा. हॉर्न वाजला की दचकायचा. नोकरीवर जायला बसचा लांबचा रस्ता धरू लागला, कारण जवळचा रस्ता त्या वळणावरून जात होता. पुढे एक्स-रेमध्ये हाड नीट जुळलेले दिसले. केसपेपरवर शेरा पडला, ‘बरा’.

तो बरा झाला होता का?

कपाटातली वस्तू आणि अंगाची वस्तू

‘गाडीच तर होती, जीव वाचला ना!’ हे वाक्य प्रत्येक अपघातग्रस्ताला ऐकावे लागते. ते खरेच आहे. जीवापुढे गाडीची किंमत शून्य. पण या खरेपणाने दुःख कमी होत नाही, ते फक्त बोलायचे बंद होते.

माणूस ज्याला ‘माझे’ म्हणतो तो त्याच्या ‘मी’चाच भाग होतो, हे विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्ये मांडले. रसेल बेल्क या अभ्यासकाने १९८८ मध्ये तोच धागा पुढे नेला. ज्या वस्तूवर आपण मेहनत आणि वेळ खर्च करतो, जी आपण स्वतःच्या हातांनी घडवतो, ती अधिक ‘आपली’ होते. शोरूममधून आणलेली गाडी मोडली तर विम्याच्या पैशांत तशीच दुसरी येते. हाताने जुळवलेली गाडी दुकानात मिळत नाही. तिच्यात चार वर्षांचे रविवार असतात, मेस्त्रीशी झालेली भांडणे असतात आणि या तरुणाच्या बाबतीत तर वडीलही होते. त्याच्यासाठी ते दुसऱ्यांदा गेले.

ज्या दुःखाला समाज दुःख मानत नाही, त्यासाठी केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये एक संज्ञा वापरली. तिचा अर्थ साधारण ‘हक्क नाकारलेला शोक’ असा. त्याला कोणी भेटायला येत नाही, दहावे-तेरावे नसते, रजा मिळत नाही. उलट माणसाला स्वतःचीच लाज वाटू लागते. ‘लोखंडासाठी रडतोस?’

गंमत अशी की हाच समाज दसऱ्याला गाडी धुतो, हँडलला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, हळदकुंकू वाहतो. तेव्हा ती लोखंड नसते. मग ती मोडल्यावर दुसऱ्याच दिवशी ती लोखंड कशी होते?

मेंदूत काय घडते

अपघाताच्या क्षणी शरीरात ॲड्रेनालिन आणि तत्सम रसायनांचा लोंढा येतो. भीतीची नोंद ठेवणारा मेंदूचा भाग त्या क्षणाचे तुकडे खोलवर कोरून ठेवतो. घासणाऱ्या टायरचा आवाज, पेट्रोलचा वास, समोरचा दिवा. हे तुकडे सलग गोष्टीसारखे नसतात, म्हणून ते नको त्या वेळी, बोलावल्याशिवाय वर येतात. पहिल्या काही आठवड्यांत दचकणे, झोपमोड, तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसणे, चिडचिड हे सगळे होऊ शकते. ते वेडेपणाचे किंवा भित्रेपणाचे लक्षण नव्हे. बहुतेकांमध्ये ते आपोआप ओसरते.

महिना उलटला तरी ते ओसरत नसेल, कामावर आणि झोपेवर परिणाम होत असेल, तर मात्र तो आघातोत्तर तणावाचा आजार, म्हणजे पीटीएसडी असू शकतो. त्यावर उपचार आहेत. आघातावर केंद्रित समुपदेशनाचे फायदे अभ्यासांत नीट दिसून आले आहेत. उलट, अपघातानंतर लगेच एका बैठकीत ‘सगळं सांगून मोकळा हो’ असे बळेच बोलते करण्याचा उपयोग होत नाही, काहींना त्याचा त्रासच होतो, हेही अभ्यासांतून कळले आहे. म्हणून विचारावे, पण उकरू नये. झोप यावी म्हणून दारू घेणे किंवा झोपेच्या गोळ्या मनानेच चालू ठेवणे हा उपाय नाही. त्याने आजार रेंगाळतो.

टाळाटाळ हा या आजाराचा खरा खुराक. वळण टाळले की क्षणभर बरे वाटते आणि मेंदू शिकतो की, वळण धोक्याचेच होते. म्हणून परतणे टप्प्याटप्प्याने असावे. आधी त्या रस्त्याने बसने, मग कोणाच्या तरी मागे बसून, मग रिकाम्या रस्त्यावर स्वतः, हळू. पाय तयार आहे की नाही हे मात्र डॉक्टरांनी ठरवायचे. उजव्या पायाच्या मोठ्या फ्रॅक्चरनंतर ब्रेक दाबण्याचा वेग, पायावर भार द्यायला सुरुवात केल्यानंतर साधारण सहा आठवड्यांनी पूर्ववत होतो, असे कारचालकांवरच्या अभ्यासात दिसले आहे. दुचाकीला तोलही लागतो, म्हणून इथे घाई अजिबात नको.

आणखी एक सावधगिरी. डोक्याला मार लागलेल्या माणसाची चिडचिड, विसरभोळेपणा, डोकेदुखी हे सगळे ‘गाडीचं मनाला लागलंय’ म्हणून सोडून देऊ नये. मेंदूला बसलेल्या हलक्या धक्क्यानेही असे होते. डोकेदुखी वाढत असेल, उलट्या होत असतील, गुंगी येत असेल, तर काही आठवड्यांनंतरही पुन्हा तपासणी करायलाच हवी. मेंदूवरच्या आवरणाखालचा रक्तस्राव कधी कधी सावकाश वाढतो.

मग दोष कोणाचा?

यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांत सर्वाधिक, सुमारे ४५ टक्के, दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातल्याने गेलेल्यांचा सरकारी आकडा ५० हजारांच्या वर आहे. अशा वेळी मोडलेल्या गाडीचे दुःख कुरवाळायचे का? बदल केलेल्या गाड्यांचे कौतुक करायचे का?

नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले. बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतात. न कळवलेल्या बदलांमुळे विम्याचा दावा अडकू शकतो. पण कायद्यापेक्षा कठोर असते ते पदार्थविज्ञान. वेग ताशी ४० वरून ६० किलोमीटरवर नेला की गाडीची गतिज ऊर्जा सव्वादोन पट होते, ८० वर नेला की चौपट. ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारे अंतरही त्याच पटीत वाढते. इंजिनाची ताकद वाढवायची आणि ब्रेक होते तेच ठेवायचे, आरसे शोभत नाहीत म्हणून काढायचे, मागचा दिवा बारीक करायचा, या प्रत्येक हौसेचा हिशोब रस्त्यावर चुकता होतो.

आपल्या तरुणाला हे माहीत नव्हते असे नाही. तो फिटर होता. ब्रेकचे काम पुढच्या बोनसमध्ये करायचे ठरले होते. रात्री दोन वाजता त्याला जागे ठेवणारे हेच होते. वडिलांची गाडी आपणच मोडली. हे त्याला कोणाला तरी सांगायचे होते. पण गाडीचा विषय काढला की घरात दोनच गोष्टी व्हायच्या, ओरडा किंवा गप्प बसवणे.

मुद्दा इथे आहे. दुःख ऐकून घेणे म्हणजे चुकीला माफी देणे नव्हे. उलट ज्याचे दुःख ऐकले जाते, तोच आपली चूक न घाबरता पाहू शकतो. ज्याला गप्प केले जाते त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर तो रस्त्यालाच घाबरून घरात बसतो, नाही तर दुखरा पाय घेऊन, कर्ज काढून तशीच दुसरी गाडी बनवतो आणि त्याच ब्रेकवर पुन्हा निघतो. वॉर्डात दुसऱ्यांदा येणारे चेहरे या दुसऱ्या वाटेवरचे असतात.

घरच्यांनी आणि वॉर्डाने काय करावे

पहिली गोष्ट, मालकाला विचारल्याशिवाय गाडी विकू नये, भंगारात देऊ नये. पोलिसांचा पंचनामा आणि विमा कंपनीच्या सर्वेक्षकाची पाहणी व्हायची असतेच. शिवाय गाडी कायमची निकामी झाली तर तिची नोंदणी रद्द करण्यासाठी आरटीओला कळवावे लागते. पण खरे कारण वेगळे आहे. निर्णय त्याचा आहे. ती दुरुस्त करायची, तशीच ठेवायची की तिचा एखादा भाग ठेवून बाकी द्यायची, हे त्याने तिच्यासमोर उभे राहून ठरवले पाहिजे. मेलेल्या माणसाचे तोंड शेवटचे पाहू देतो, तसेच काहीसे. आणि हा निर्णय पहिल्या महिन्यात घेऊ नये, ना विकण्याचा, ना नवी बांधण्याचा.

दुसरी, हेल्मेट. आघात झेललेले हेल्मेट वरून धड दिसले तरी आतला थर्माकोलसारखा थर दबलेला असतो. तो एकदाच काम करतो. ते आठवण म्हणून खुशाल खुंटीला टांगावे, डोक्यावर मात्र नवे, आयएसआय खुणेचे घालावे. चांगल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार हेल्मेटने दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

तिसरी गोष्ट रुग्णालयांची. सरकारी रुग्णालयांत गर्दी प्रचंड, बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाला मिळतात दोन-तीन मिनिटे. पण टाके काढताना, प्लास्टर बदलताना परिचारिकेने किंवा निवासी डॉक्टरने तीन प्रश्न विचारायला वेगळी यंत्रणा लागत नाही. झोप लागते का? तेच दृश्य परत परत दिसते का? त्या रस्त्याने गेलात का? उत्तरे खटकली तर मानसोपचार विभाग बहुधा त्याच आवारात असतो. जिथे तो नाही तिथे ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येते. अस्थिरोग विभागाच्या केसपेपरवर हे तीन प्रश्न छापील असायला हवेत. खर्च शाईचा.

आणि चौथी, सगळ्यात सोपी. शुद्धीवर आलेला मुलगा ‘गाडी कुठंय?’ विचारेल तेव्हा खेकसू नये, खोटेही बोलू नये. ‘पोलीस चौकीच्या आवारात आहे. पुढचं सगळं चेपलंय. कोणी हात लावलेला नाही. तू चालायला लागलास की आपण दोघं बघायला जाऊ.’ एवढे उत्तर पुरते. चालायला लागण्याचे एक कारणही त्याला त्यातच मिळते.